बोअरवाल्याच्या खिशातला चाकू

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात धारदार हत्यारं पकडल्याची बातमी होती, सोबत टेबलावर मांडलेल्या मालाचा फोटो, तो बघून आमचा पोरगा म्हणतो कसा, पप्पा यातला एक तर तुमच्या पेटीतला वाटतोय. खोटं नव्हतं त्याचं. मी तासगाव तालुक्यात बोअरच्या मोटारी काढायचं-सोडायचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, आणि खिशात मोठा घडीचा चाकू नसला तर माझा दिवसच सुरू होत नाही.

मोटार वर यायला लागली की पाइपाला जागोजागी बांधलेली केबल मोकळी करायची, फ्लॅट केबलचं वरचं कव्हर सोलायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे नायलॉनचा जुना दोर, त्यात गाळ आणि क्षार बसून तो पार लाकडासारखा कडक झालेला असतो. कटरचं ब्लेड त्यात टाकलं की टिचकन मोडतं. आणि घरातली सुरी काय खिशात घालून फिरता येत नाही.

चार वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक मागवला होता. काळा कुळकुळीत, पात्याला भोकं, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या बुडाला काच फोडायचा खिळा, वर लिहिलेलं हेवी ड्युटी, आणि किंमत ३९९. दोर कापताना टोक अडकलं, सोडवायला मी जरा उलटा हिसका दिला आणि पातं खाडकन माझ्या बोटावर मिटलं. पाच टाके पडले. पंधरा दिवस पोरं मोटारी काढत होती आणि मी बांधावर बसून नुसता ओरडत होतो.

बोट बरं झाल्यावर तो चाकू खोलून बघितला. याला लायनर लॉक म्हणतात, मुठीच्या आत पत्र्याची पट्टी असते, चाकू उघडला की ती सरकून पात्याच्या बुडामागं येऊन बसते आणि मग पातं मिटत नाही. माझ्या चाकूत पट्टी होती पोस्टकार्डाएवढी पातळ, ती पात्याच्या कडेला जेमतेम टेकलेली आणि वर चिखल साचलेला. म्हणजे दोष लायनर लॉकचा नाही, जाड पट्टीचे चांगले पण मिळतात. मी आता मुठीच्या पाठीवर खटका असलेला बॅक लॉक वापरतो, आतला चिखल पाण्यानं धुवून निघतो. दुकानात घेताना चाकू उघडायचा, पातं डावी-उजवीकडं हलवून बघायचं, लडबडलं की परत ठेवायचा, मग लॉक सुटतं का बघायला बोटं बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर हलकेच आपटायची. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

पातं साडेतीन-चार इंच बास आणि जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास. पाच मिलिमीटरचा रांगडा दिसतो पण तो कापत नाही, पाचर मारल्यासारखा फाडतो. मूठ चारही बोटं मावणारी आणि खरखरीत पाहिजे, चकचकीत स्टीलची मूठ ओल्या हातात साबणासारखी निसटते. स्टील म्हणाल तर डी-२ ला धार टिकते पण ओलं ठेवलं की डाग पडतात, साधं ४२० लवकर बोथट होतं पण सहाणेवर दोन मिनिटांत परत कामाला लागतं, आम्हाला तेच परवडतं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकायचा, खोबरेल नको, ते चिकट होतं.

आमच्या एका द्राक्षवाल्याच्या मुलानं फ्रान्सहून ओपिनेल कंपनीचा घडीचा चाकू आणलाय, लाकडी मूठ आणि मानेला फिरवायची रिंग, हे रिंगचं लॉक ते १९५५ पासून देतात. रिंग फिरवली की पातं हलत नाही, फळाचा, सुतळीचा राजा माणूस. पण लाकूड पाण्यानं फुगलं की पातं उघडताना नखं तुटायची वेळ येते, त्यामुळं आमच्या धंद्यात तो बाद.

आता कायद्याचं. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून धरलेत आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची, कारखान्याची हत्यारं वगळलीत. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चा, हत्यारं घेऊन फिरायला मनाई करणारा बंदीहुकूम लागला की वेगळा विषय होतो, तेव्हा सणासुदीला, इलेक्शनला मी चाकू खिशात न ठेवता पाना-पक्कडीबरोबर पेटीतच ठेवतो. एकदा नाक्यावर अडवलं होतं, पेटी उघडून दाखवली, चिखलानं भरलेला दोर बघून हवालदार साहेबांनी उलट त्यांच्या गावच्या बोअरला पाणी का कमी येतंय तेच विचारलं.

एवढंच म्हणणं की पुढच्या वेळी असला फोटो छापाल तेव्हा खाली पात्याची लांबी पण छापा.

आपला,
एक मोटारवाला, ता. तासगाव, जि. सांगली