बिननावाची जिग

एनिस, काउंटी क्लेअर, आयर्लंड
4 जानेवारी

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू ते सांगितलंस आणि लगेच विषय बदललास, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू 'हो गं आई' म्हणतोस आणि तिथेच सगळं संपतं. कागदावर मला मध्येच थांबवता येणार नाही.

काँसर्टिना, ती हातात धरायची छोटी भात्याची पेटी, पाठीवर घेऊन तू त्या शिकागोच्या पबात सेशनला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या बैठकीला गेलास. एकाने विचारलं, कुठला? तू म्हणालास, क्लेअरचा. टेबलावरचे दोघं-तिघं हसले. वाईट नव्हते म्हणतोस, नुसते हसले. आणि तू पेटी न उघडता कोक पिऊन घरी आलास. 'त्यांचंही बरोबरच आहे गं, आपलं थोडंच आहे ते,' हे तुझं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. हसणाऱ्यांचा मला राग नाही. त्या वाक्याचा आहे.

यंदा नाताळात तू नव्हतास, तर आधी इथलं सांगते. 26 तारखेला रेन बॉइज आले होते, सोंगं घेऊन घरोघर वाजवत फिरणारी पोरं. पाऊस इतका की त्यांचे गवताचे टोप भिजून खाली लोंबत होते. बाबा दर वर्षीप्रमाणे म्हणाले, 'ही तर शिमग्याची सोंगं!' आणि दर वर्षीप्रमाणे खिशात सुटे नव्हते. पूर्वी खऱ्या रेन पक्ष्याला मारून काठीला बांधत आणि घरोघर फिरत. आता पक्षी नसतो, एवढं बरं आहे. दारात एक रील, म्हणजे नाचाची जलद चाल, वाजवली, एक पोरगं दगडी पायरीवर नाचलं, डबा पुढे आला. पैसे यंदा हॉलच्या छपराला. रात्री त्याच गळक्या हॉलमध्ये केली, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायची रात्र होती. डाव्या कोपऱ्यात बादली ठेवलेली, आणि चारही सेट, चार-चार जोड्यांचे गट, बादलीला वळसा घालून नाचत होते.

'केली' या शब्दाची गंमत तुला सांगितली आहे का? 2003 साली वॉर्डमधल्या सिस्टरने मला विचारलं, शनिवारी केली आहे, येतेस? मी मनात म्हटलं, काय केली? कोणी केली? तिला वाटलं मी लाजते आहे. तिने हाताला धरून नेलं. मी पंजाबी ड्रेसवर, पायात बाटाच्या चपला. कोणी शिकवलं नाही मला. खांद्याला धरून डावीकडे ढकलायचे, मग उजवीकडे ढकलायचे, आणि चुकले की माझ्यापेक्षा तेच जास्त खूष. कॅलेडोनियन सेट होता हे मला महिन्याभराने कळलं. चार जोड्यांचा चौकोन, आठ माणसं, आणि त्यातलं एक मी, जिला अजून इथली बसची नाणी ओळखता येत नव्हती.

पण जोडीने गिरकी घ्यायची वेळ आली तेव्हा मला कोणी ढकलायला लागलं नाही. ते मला येत होतं. अंग मागे टाकायचं, भार एकमेकांवर तोलायचा, आणि नजर समोरच्याच्या चेहऱ्यावरून हलवायची नाही, म्हणजे चक्कर येत नाही. आमच्या वाईला मंगळागौरीच्या रात्री फुगडी घालताना मावशीने हेच सांगितलं होतं. माझी जोडीदार सत्तरीची बाई होती. थांबल्यावर धापा टाकत तिने विचारलं, 'तू हे कुठे शिकलीस?' ती म्हणजे आपल्या शेजारच्या आजी. तुला त्यांनी मांडीवर बसवून काँसर्टिना शिकवली ती त्यानंतर पाच वर्षांनी.

आता 'आपलं थोडंच आहे' याबद्दल.

ज्या सेटला मी त्या रात्री अस्सल आयरिश समजत होते तो मुळात पॅरिसच्या दिवाणखान्यातला, क्वाड्रिल. नेपोलियनच्या लढायांच्या काळात सैनिकांबरोबर इकडे आला, असं सांगतात. इथल्या लोकांनी त्याला आपल्या चाली लावल्या, टाचेचे ठोके घातले, आणि मग त्यांच्या पोरांना तो कायमचाच वाटायला लागला. पुढे भाषा आणि संस्कृती वाचवणारी गेलिक लीग आली 1893 साली. त्यांना सेट परका वाटला. त्यांनी अस्सल म्हणून केली सुरू केली. आणि पहिली केली झाली कुठे? लंडनला, 1897 मध्ये. तुझी काँसर्टिना इंग्लंड-जर्मनीची. बुझुकी हे तंतुवाद्य ग्रीसचं, ते तर 1960 नंतर आलं. आपल्या भजनातली पेटी तरी कुठे पंढरपुरात जन्मली? ती फ्रान्सची. आजोबांच्या भजनी मंडळात तिला कोणी पासपोर्ट विचारला नाही.

काँसर्टिना क्लेअरमध्ये बायकांनी जपली, हे तुला आजींनी शंभरदा सांगितलंय. किलरशच्या मिसेस क्रॉटी पब चालवायच्या आणि काँसर्टिना वाजवायच्या. 1950 च्या दशकात रेडिओवाले येऊन त्यांचं वादन टेप करून घेऊन गेले. स्वयंपाकघरातलं वाद्य होतं ते. नाचही स्वयंपाकघरातच. आजींच्या आईच्या वेळी टेबल अंगणात काढून ठेवायचे आणि फरशीवर सेट व्हायचे. काही घरांत त्या फरशीखाली घोड्याची कवटी पुरलेली असायची, टाचेचा आवाज घुमावा म्हणून. जागा एवढीशी, म्हणून अजूनही सेटमध्ये कोणीतरी ओरडतं, 'घराला फेरी, आणि ड्रेसर (कपबशांचं कपाट) सांभाळा!' हॉलमध्ये ड्रेसर नाही, कपबशा नाहीत, तरी ओरडतात. या वेळी कोणीतरी 'बादली सांभाळा' म्हणून ओरडलं. हसून हसून पुरेवाट.

हे घरातले नाच संपले ते आपोआप नव्हे. 1935 साली कायदा झाला, सार्वजनिक नाचाला कोर्टाचा परवाना पाहिजे. पाद्री लोकांना मुलं-मुली अंधारात रस्त्याच्या चौकात नाचतात हे खपत नव्हतंच. कायदा सार्वजनिक नाचासाठी होता, पण गार्डा, म्हणजे इथले पोलीस, आणि पाद्री घरांतही शिरायचे. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारे ज्युनियर क्रेहान पुढे कितीतरी वर्षं याबद्दल हळहळत. नाच चर्चच्या, पॅरिशच्या हॉलमध्ये गेला. मोठ्या हॉलमध्ये एका फिडलचा आवाज पोचेना, म्हणून ड्रम आणि पियानो घेतलेले केली बँड जोरात चालले. किलफेनोराचा बँड 1909 पासूनचा, टुलाचा 1946 चा, आणि त्यांची चुरस आपल्या दोन तालमींसारखी. माझं मत विचारशील तर हॉलने नाच वाचवलाही आणि थोडा मारलाही. पण हे मी हॉलच्या कमिटीत बसून बोलत नाही. तिथे मी सँडविच करते.

स्टेजवर गेलं की काय होतं ते ताईच्या वेळी पाहिलंच आपण. क्लासमध्ये तीन वर्षं छान चाललं होतं. मग स्पर्धा आल्या, आणि स्पर्धेबरोबर कुरळ्या केसांचा टोप आला, झगमगीत ड्रेस आला, त्याची किंमत माझ्या एका महिन्याच्या पगाराएवढी. वर टॅन लावायला सांगितलं. सावळ्या पोरीला टॅन! ताईने त्याच दिवशी बूट काढून ठेवले आणि मी तिला एका शब्दाने थांबवलं नाही. आता वाटतं, क्लास सोडला तरी हॉल सोडू द्यायला नको होता. ती चूक माझी. पुण्यात आता मंगळागौरीलाही ग्रुप बोलावतात म्हणे, एकसारख्या नऊवाऱ्या आणि माइक. घरच्या बायका खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. असो. आणि रिव्हरडान्सबद्दल तुला एक सांगायचं राहिलं. 1994 ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेच्या मध्यंतरात ती सात मिनिटं झाली आणि सगळं जग आयरिश नाच म्हणून तेच ओळखू लागलं. त्यात पुढे नाचणारे दोघे जन्माने अमेरिकन, ती न्यूयॉर्कची आणि तो तुझ्या शिकागोचा.

शिकागोवरूनच मुद्द्यावर येते. फ्रान्सिस ओनील हे नाव आजींच्या तोंडी तू ऐकलंयस. 'द बुक' म्हणतात ना, ते चालींचं पुस्तक त्यांचं. कॉर्कमधल्या बँट्रीजवळचा मुलगा, 1848 चा, दुष्काळातला. बोटीवर काम करत जग फिरला, शिकागोला पोलिसात लागला आणि 1901 ते 1905 तिथला पोलीस प्रमुख होता. खात्यात आयरिश शिपाई चिक्कार, प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या गावच्या चाली. हा बासरी वाजवायचा, पण नोटेशन लिहिता येत नव्हतं. ते लिहून देणारा दुसरा ओनील, नात्यातला नाही, नुसतं आडनाव एक. 1903 साली 1850 चालींचं पुस्तक निघालं, 1907 मध्ये नाचाच्या 1001 चालींचं. त्यातल्या किती तरी चाली इथे विसरल्या गेल्या होत्या आणि तिकडून बोटीने परत आल्या. तेव्हा ज्या शहरात तू काँसर्टिना उघडायला लाजलास, त्याच शहरात हे सगळं वहीत उतरलंय. मार्चमध्ये तिथे नदी हिरवी करतात, 1962 पासून. ती बघ हवं तर, पण ते एका दिवसाचं. सेशन दर आठवड्याचं असतं.

म्हणून पुन्हा जा. या वेळी असं कर. लवकर जा आणि आतल्या वर्तुळात बसू नकोस, त्या खुर्च्यांना न लिहिलेली नावं असतात. बाहेरच्या बाजूला बस. तासभर पेटी उघडली नाहीस तरी चालेल, पण पेटी मांडीवर दिसू दे. येत असलेली चाल लागली की हळू आवाजात मागे मागे वाजव. तीनदा वाजवून दुसऱ्या चालीत जातील, ती येत नसेल तर थांब, चाचपडू नकोस. कोणी गायला लागलं तर ग्लासही खाली ठेवायचा नाही. आणि कोणीतरी तुझ्याकडे वळून 'तू सुरू कर' म्हणेलच. तेव्हा नाही म्हणणं उद्धटपणा आहे, इथे आणि तिथेही.

बाबांचं उदाहरण डोळ्यापुढे ठेव, उलट्या अर्थाने. गणेश मंडळात ढोलकी वाजवली म्हणून पहिल्याच सेशनला ते दुसऱ्याचा बौरान, इथला डफासारखा ढोल, उचलून बसले होते. म्हणाले, जिग म्हणजे आपला दादराच की, आणि रील म्हणजे केरवा. हिशेब तसा चुकीचा नव्हता. पण मध्येच तिहाई घेतली! फिडलवाले काका काही बोलले नाहीत. उठले, बाबांसाठी एक मोठा गिनेस आणून त्यांच्या हातात दिला, दोन्ही हात गुंतले. बाबांना वाटलं, सत्कार केला. बौरान वाजवायला सगळ्यात उत्तम म्हणजे चाकू, हा विनोद त्यांना कळायला पाच वर्षं गेली. आता मात्र बरं वाजवतात, 26 तारखेला दोन सेटना साथ केली, तिहाईशिवाय.

आणि कुठला म्हणून विचारलं तर क्लेअरचाच म्हण. हसतील. हसू देत. मग वाजव. चाली कानाने शिकलेल्या माणसाचं वळण लपत नाही. आजी म्हणतात तुझा हात त्यांच्या आईसारखा पडतो, कोरडा, दागिने कमी, टाच स्पष्ट.

आजींची तब्येत तशीच. सत्त्याण्णव सुरू होईल या मार्चमध्ये. बोटं आखडली आहेत, भाता ओढवत नाही. केलीला आल्या होत्या, चाकाच्या खुर्चीतून, ब्लँकेट पांघरून. शेवटच्या सेटच्या वेळी तोंडाने बोल म्हणत होत्या. त्याला इथे लिल्टिंग म्हणतात ते तुला माहीत आहे, पण मी त्याला बोलच म्हणते. त्या रात्री त्यांनी तीच जिग म्हटली, तुला सगळ्यात आधी शिकवलेली. रॅशर्स अँड सॉसेजेस, रॅशर्स अँड सॉसेजेस, असा ठेका धरायला लावला होता ना, आणि तू घरी येऊन विचारलं होतंस, आई रॅशर म्हणजे काय, आणि आपण शाकाहारी का?

त्या जिगेला नाव नाही. आईकडून आली, आईला तिच्या मावशीकडून. सेशनमध्ये विचारलं तर आजी 'गॉन ऐनिम' म्हणतात, बिननावाची. मी तुझं जुनं रेकॉर्डिंग मिलटाउन मॅल्बेच्या विली क्लॅन्सी उन्हाळी शाळेत दोघा-तिघांना ऐकवलं. कोणी म्हणालं ओळखीची वाटते, नाव कोणाला सांगता आलं नाही. मावशी अमेरिकेला गेली होती आणि परत आली होती, एवढंच आजींना आठवतं.

तर शनिवारी ग्रंथालयात जा, 1903 चं पुस्तक काढ आणि त्यातल्या जिगच्या चाली वाचून बघ. तुला नोटेशन येतं, मला येत नाही. सापडली तर क्रमांक आणि नाव कळव, मी आजींना सांगते. नाही सापडली तर सेशनमध्ये वाजवून विचार.

तिथल्या हीटरने हवा फार कोरडी होते, लाकूड आकसतं. पेटी रेडिएटरजवळ ठेवू नकोस. खोलीत पाण्याचं भांडं ठेव. भाता बंद करूनच केसमध्ये घाल, पट्टा नीट लाव.

बाबांचे आशीर्वाद. ताईला फोन कर, तिचा वाढदिवस तू विसरलास.

तुझी
आई