मुक्त सॉफ्टवेअरची लोकवर्गणी : हिशेबात मेंटेनरही धरा

संपादक महोदय,

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये एखादी सुविधा हवी असेल, तर ती वापरणाऱ्यांनीच लोकवर्गणी काढून करून घ्यावी, हा विचार आता बराच रुळला आहे. मात्र अनेक मोहिमांचे अंदाजपत्रक कोड लिहिण्यापुरतेच असते आणि पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात. लिहिलेला कोड मूळ प्रकल्पात मर्ज व्हावा, म्हणजे सामावून घेतला जावा लागतो. त्याआधी मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे लोक, तो ओळीओळीने वाचतात, दुरुस्त्या सांगतात, चाचण्या मागतात आणि मर्ज झाल्यावर वर्षानुवर्षे सांभाळतात. या कामाचे पैसे कोणी धरलेलेच नसतात.

सहा आठवडे कोड लिहावा लागेल अशी एक सुविधा घेऊ. रिव्ह्यू आणि त्यातून निघणाऱ्या दुरुस्त्यांना दोन आठवडे, चाचण्या आणि माहितीपुस्तिकेला एक, आवृत्ती बाहेर पडल्यावर येणाऱ्या तक्रारींना एक, असे दहा आठवडे झाले. आठवड्याला १,००० युरो धरले तर १०,००० युरो हातात पडायला हवेत. वर्गणी गोळा करणारे संकेतस्थळ आणि पेमेंट कंपनी मिळून साधारण ८ ते १० टक्के कापतात. किकस्टार्टर या अशाच संकेतस्थळाचा स्वतःचा वाटा ५ टक्के आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १०,००० वर १० टक्के चढवून ११,००० चे उद्दिष्ट ठेवणे. त्यातून १० टक्के गेले की ९,९०० च उरतात. १०,००० ला ०.९ ने भागावे, म्हणजे ११,१११ येतात. शेवटी काही कार्डांवरून पैसे वसूल होत नाहीत, म्हणून १२,००० धरावेत. कराचा हिशेब ज्या त्या देशाच्या नियमाप्रमाणे वेगळा. सरासरी वर्गणी ४० युरो असेल तर ३०० माणसे लागतील. प्रकल्पाच्या ईमेल यादीत नावेच २०० असतील, तर तेवढ्या बळावर मोहीम उभी राहणार नाही. टी-शर्टसारख्या भेटी तर टाळाव्यातच. त्यांचा टपालखर्च आणि पाकिटे भरण्यात जाणारे दिवस त्याच १०,००० मधून वजा होतात.

पैसे मागण्याआधी मेंटेनरांची संमती घ्यावी, तीही जाहीर आणि लेखी. सुविधा नेमके काय करील, काय करणार नाही, जुन्या फाइलींचे काय होईल आणि काम पूर्ण झाले हे कोणत्या चाचणीवरून ठरेल, एवढे दोन पानांत मांडून प्रकल्पाच्या चर्चेत ठेवावे. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा प्रस्तावांची ठरलेली पद्धत आहे. आवृत्त्यांचे वेळापत्रकही पाहावे. फीचर फ्रीझच्या, म्हणजे आवृत्तीत नव्या सुविधा घेणे थांबते त्या तारखेच्या, आठवडाभर आधी पैसे जमले, तर तयार कोडलाही पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते आणि देणाऱ्यांना वाटते की काम रखडले.

जँगो या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण इथे बोलके आहे. २०१३ मध्ये अँड्र्यू गॉडविन यांनी डेटाबेस मायग्रेशनसाठी, म्हणजे डेटाबेसची रचना बदलण्याच्या सुविधेसाठी, २,५०० पौंड मागितले आणि सुमारे १८,००० पौंड जमले. सप्टेंबर २०१४ मध्ये १.७ आवृत्तीत ही सुविधा आली. ते स्वतः जँगोच्या मुख्य चमूत होते आणि साउथ हे मायग्रेशनचेच साधन त्यांनी आधी लिहिलेले होते. विषय माहीत होता, कोड मर्ज करण्याचा अधिकार होता, कामाची हद्द स्पष्ट होती. याउलट ओपनशॉट या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरने २०१३ मध्येच २०,००० डॉलर मागून ४५,००० मिळवले, पण विंडोज आणि मॅकवरही चालणारी २.० आवृत्ती यायला २०१६ उजाडले. जास्त पैसे आले म्हणून काम लवकर होत नाही. उलट ‘आणखी इतके जमले तर हेही करू’ अशी आश्वासने वाढत जातात आणि हात मात्र तेवढेच राहतात. उद्दिष्टापेक्षा जास्त आलेली रक्कम आधी देखभालीला द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कृता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरने २०१४ पासून सलग तीन वर्षे किकस्टार्टरवर नव्या सुविधांसाठी पैसे उभे केले. २०१८ ची मोहीम मात्र बग, म्हणजे कोडमधल्या चुका, दुरुस्त करण्यासाठी काढली. इतर प्रकल्पांनीही तसे मागायला संकोचू नये.

एकेका कामावर बक्षीस लावण्याची, म्हणजे बाउंटीची पद्धत मला घातक वाटते. तीन आठवड्यांच्या कामावर १०० डॉलर लागतात. दोघे एकाच वेळी कामाला लागले तर एकाची मेहनत फुकट जाते. मर्ज होताच बक्षीस घेऊन माणूस निघून जातो आणि पुढचे बग मेंटेनरच्या गळ्यात पडतात. त्यापेक्षा माणूस आधी नेमावा आणि पैसे हप्त्यांनी द्यावेत : सुरुवातीला ३० टक्के, मर्ज झाल्यावर ४०, आवृत्ती आल्यावर २० आणि तीन महिन्यांनी उरलेले १०. रक्कम एखाद्या फाउंडेशनच्या, म्हणजे प्रकल्पामागच्या संस्थेच्या, खात्यात जमा व्हावी, व्यक्तीच्या नव्हे. कंपन्या आणि सरकारी खात्यांना देणगी देणे अवघड जाते, पण बिल मिळाले तर त्या सहज पैसे देतात. म्हणून बिलाची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी. एकच कंपनी निम्म्याहून अधिक रक्कम देत असेल तर तो सरळ करार समजावा आणि तसे जाहीर करावे.

आपणास एक विनंती. अशा मोहिमांच्या बातम्यांत किती दिवसांत किती रक्कम जमली हे ठळक येते. वर्षभराने ती सुविधा कोणत्या आवृत्तीत आली आणि आज ती कोण सांभाळते, हेही कृपया छापावे.

आपला,
एक वाचक