30 सप्टेंबरच्या आधी

सॅन होजे,
2 सप्टेंबर 2025

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, महिनाअखेरीला ढगात उपकरणांवर उडायची मुदत संपतेय, पण काळजी नको. एका शनिवारी दुपारी स्टॉकटनला जातो, धावपट्टीच्या रेडिओ संकेतांवर उतरायचे सहा आयएलएस ओळीने मारतो, की पुढचे सहा महिने मोकळा." मी "बरं" म्हणून फोन ठेवला, पण रात्री डोळा लागला नाही. हे बोलून झालं नसतं. तू मध्येच "हो गं आई, माहितीये" म्हणाला असतास आणि मी गप्प बसले असते. म्हणून लिहायला घेतलं.

नियमाने तू बरोबरच आहेस. मार्चमधल्या चेकराइडपर्यंतचे, म्हणजे परीक्षेच्या उड्डाणापर्यंतचे, अप्रोच (उपकरणांवर धावपट्टीकडे उतरणं) धरून तू 30 सप्टेंबरपर्यंत करंट आहेस. मागच्या सहा कॅलेंडर महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग म्हणजे ठरलेल्या जागी घिरट्या घालणं, आणि कोर्स पकडून त्यावर राहणं, एवढं लॉगबुकात असलं की ढगात जायला तुला कुणी अडवणार नाही. ते हुकलं तर पुढचे सहा महिने बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट घेऊन किंवा मान्यता असलेल्या सिम्युलेटरवर भरून काढता येतं, तेही हुकलं तर इन्स्ट्रक्टरसमोर प्रोफिशियन्सी चेक. तुला हे माझ्यापेक्षा ताजं पाठ आहे. मला सांगायचंय ते वेगळं आहे, आणि त्यासाठी दहा वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट बाहेर काढावी लागतेय.

2015 चा जून. तू तेरा वर्षांचा होतास. मॉन्टेरीचं मत्स्यालय बघायला आपण क्लबच्या सेसना 172 मधून निघालो होतो, आणि न उतरताच परत आलो म्हणून तू दोन दिवस माझ्याशी धड बोलला नव्हतास. "ढग जास्त आहेत" एवढंच मी तुला सांगितलं होतं. ढग जास्त नव्हते. जूनमध्ये किनाऱ्यावर असतो तसाच थर होता, जेमतेम हजार फूट जाडीचा, वरून कापूस पसरल्यासारखा आणि वर लख्ख ऊन. मी कायद्याने करंट होते. फेब्रुवारीत मैत्रिणीला सेफ्टी पायलट म्हणून बसवून मी सहा अप्रोच केले होते. कुठे, तर स्टॉकटनला. सहाही आयएलएस, एकाच धावपट्टीवर, निरभ्र दुपारी, डोळ्यांवर बाहेरचं झाकणारे फॉगल्स लावून, कंट्रोलरने दिलेल्या हेडिंगवर, म्हणजे दिशेवर, आणि बहुतेक वेळ ऑटोपायलटच्या हातात. तू आता जे करणार म्हणतोस तेच.

मॉन्टेरीचा आयएलएस समुद्रावरून आत येतो. नव्वद नॉट, मिनिटाला साडेचारशे फूट उतरण, दोन्ही सुया मधोमध. थरात शिरलो आणि काचेबाहेर सगळं करडं झालं. तेवढ्यात नॉरकॅलच्या रडार कंट्रोलरने टॉवरशी बोलायला सांगितलं. मी मान खाली उजवीकडे वळवून रेडिओची कळ फिरवली. नंबर चुकला, पुन्हा फिरवली. मान वर केली तर विमानाचा कल दाखवणाऱ्या अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरमधलं क्षितिज तिरकं. विमान उजवीकडे पंचवीस-तीस अंश कललेलं, डावं-उजवं दाखवणारी लोकलायझरची सुई कडेला जाऊन टेकलेली, आणि माझं सगळं अंग सांगत होतं की आपण अगदी सरळ चाललोय.

ते अंग किती ठामपणे सांगतं, हे तुला अजून कळलेलं नाही, कारण तुझ्या वाट्याला तसा ढग आलेला नाही. विमान सावकाश कललं तर कानातल्या त्या नळ्यांना पत्ताच लागत नाही. मग आपण झटकन सरळ केलं की त्यांना वाटतं, आता डावीकडे पडतोय. मी पंख सरळ केले आणि डाव्या बाजूला कोसळत असल्यासारखी सीटवर उजवीकडे झुकून बसले. हात आपोआप पुन्हा उजवीकडे वळवू बघत होता. एका क्षणी मला खरंच असं वाटलं की इंडिकेटर बिघडलाय. मग वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर बघितला, तो विजेवर चालतो, इंडिकेटरसारखा व्हॅक्यूमवर नाही. त्यातलंही विमान सरळ होतं. दोघं मिळून खोटं बोलणार नाहीत, एवढं मनाशी म्हणाले, पूर्ण पॉवर दिली, नाक वर केलं आणि "मिस्ड अप्रोच", म्हणजे न उतरता परत वर जातोय, असं म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. अठराशे फुटांवर उन्हात आलो तेव्हा डाव्या हाताची बोटं योकवरून सोडवावी लागली.

तू मागच्या सीटवर झोपला होतास. उन्हाने जाग आली तेव्हा तू विचारलंस, "आलो का?"

सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद गेले असतील. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात वीस पायलटांवर प्रयोग झाला होता. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर त्यांचा ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. आपल्याला ग्राउंड स्कूलमध्ये हा आकडा सांगतातच. त्यांना उपकरणांवर उडायचं शिक्षण नव्हतं, म्हणून तो आकडा दुसऱ्यांचा, असं मी धरून चालले होते. माझ्याकडे तर उपकरणांवर उडायचं रेटिंग होतं. पण त्या दिवशी माझ्याकडून गेलं ते ज्ञान नव्हतं. प्लेट, म्हणजे अप्रोचचा नकाशा, मला पाठ होती, मिस्डची उंची पाठ होती. गेली होती ती डोळ्यांची फिरती. अ‍ॅटिट्यूड, हेडिंग, परत अ‍ॅटिट्यूड, अल्टिमीटर, परत अ‍ॅटिट्यूड. ती फिरती मोडली हे आपलं आपल्याला कळत नाही, निनू. विसरलेलं नाव आठवत नाही तेव्हा निदान कळतं की विसरलोय. इथे तेवढंही कळत नाही.

आणि फॉगल्स लावून केलेले ते सहा अप्रोच मला हे सांगू शकले नसते. फॉगल्सच्या कडेने उजेड येतो. पॅनेलवर उन्हाचा एक पट्टा पडलेला असतो आणि विमान वळलं की तो सरकतो. आपण त्याच्याकडे बघत नाही, पण मेंदू तो वाचत असतो. ढगात तो पट्टा नसतो.

तुझे आजोबा एसटीवर ड्रायव्हर होते, सातारा-महाड गाडीवर. पावसाळ्यात आंबेनळी घाटात धुकं इतकं उतरायचं की कंडक्टर खाली उतरून बॅटरी घेऊन पुढे चालायचा आणि आजोबा त्या उजेडामागून पहिल्या गिअरमध्ये गाडी आणायचे. तेही जमेना झालं की गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबायचे. माझ्या पहिल्या सोलोनंतर मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "तिथे धुक्यात थांबायचं कुठं?" मी हसले होते. मॉन्टेरीनंतर त्या प्रश्नाचं हसू आलं नाही.

तेव्हापासून मी सहा महिन्यांचा हिशेब धरतच नाही. जीपीएसला दर 28 दिवसांनी नवा डेटाबेस लागतो, व्हीओआर या रेडिओ दिशादर्शकाची तपासणी 30 दिवसांच्या आतली लागते. मग माणूस सहा महिने कसा टिकेल? महिन्यातून एकदा मी जातेच. त्यात एक अप्रोच पूर्ण हाताने, ऑटोपायलट बंद ठेवून. एक ऑटोपायलटवर, कारण बटणं हाताइतकीच विसरतात. हेडिंग मोडवर राहिलेला ऑटोपायलट अप्रोच सोडून सरळ निघून जातो आणि आपण बघत बसतो. एक आयएलएस असेल तर दुसरा असा, ज्यात ग्लाइडस्लोप, म्हणजे उतरणीची रेषा, मिळत नाही आणि पायरी पायरीने उतरावं लागतं. कंट्रोलरला सांगून एकदा तरी हेडिंग घ्यायची नाही, पूर्ण प्रोसिजर आपली आपण करायची. मिस्ड तर शेवटपर्यंत, होल्डमध्ये शिरेपर्यंत. अर्ध्यातून "पुन्हा व्हेक्टर द्या", म्हणजे दिशा तुम्हीच सांगा, म्हणणं सोपं असतं, पण खऱ्या दिवशी नेमका तोच भाग येतो.

आणि रबरी झाकण. माझ्या फ्लाइट बॅगेतल्या त्या दोन काळ्या चकत्या लहानपणी तू खेळायला घ्यायचास. उजवीकडे बसलेल्या माणसाच्या हातात त्या द्यायच्या आणि त्याने न सांगता त्यातली एक अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर चिकटवायची. व्हॅक्यूम पंप जातो तेव्हा तो कळवून जात नाही. इंडिकेटर हळूहळू कलंडतो आणि डोळे त्याच्यामागे जातात.

ज्या महिन्यात जायला मिळत नाही त्या महिन्यात मी जेवणाच्या टेबलावर बसते. समोर प्लेट, हातात पेन्सिल, आणि भाज्या उकडताना लावते तो टायमर. "आई, हवेत बोटं का फिरवतेस?" असं तू विचारायचास ना, ते हेच. घरच्या संगणकावरचं लॉगबुकात धरत नाहीत, पण कुठल्या क्षणी कुठलं बटण, याला ते चांगलं.

दोन वर्षांपूर्वी आजीच्या आजारपणात मी साताऱ्यात अडकले आणि मुदत संपून गेली. परत आल्यावर सेफ्टी पायलट घेऊन भरून काढता आलं असतं. मी सरळ इन्स्ट्रक्टरकडे जाऊन प्रोफिशियन्सी चेकच मागितला. पहिल्या दिवशी प्लेट वाचताना माझी तीनशे फूट उंची गेली. सही तिसऱ्या फ्लाइटला मिळाली. त्या तिन्ही फ्लाइटचे पैसे मला अजिबात जड वाटले नाहीत.

आता थँक्सगिव्हिंगचं. तू मित्रांना घेऊन सॅक्रामेंटोहून निघणार म्हणतोस. नोव्हेंबरात तुझ्या खोऱ्यात टूली धुकं सुरू होतं. ते किनाऱ्याच्या थरासारखं नाही. ते जमिनीला टेकलेलं असतं, त्याखाली मोकळी हवा नसते, आणि शेकडो मैल पसरतं. सॅक्रामेंटो बंद असलं की स्टॉकटनही बंद असायचं. तिथे खोऱ्यातलाच दुसरा विमानतळ पर्यायी म्हणून लिहिलास तर कागद भरेल, पण उतरायला जागा मिळणार नाही. पर्यायी विमानतळ खोऱ्याबाहेरचा धर, आणि तिथवर जाऊन वर 45 मिनिटांचं इंधन उरतंय ना ते बघ. माझा स्वतःचा नियम असा: गेल्या तीस दिवसांत अप्रोच केलेला नसेल तर हजार फुटांखालच्या ढगात माणसं घेऊन जायचं नाही. तुझा आकडा तू ठरव, पण घरी बसून ठरव आणि लिहून ठेव. मित्र बॅगा घेऊन विमानाशी उभे असताना ठरवलेला आकडा नेहमी कमीच निघतो.

शनिवारी, 13 तारखेला, मी सकाळच्या कॅपिटल कॉरिडॉर रेल्वेने येतेय. स्टॉकटनला नको, वेगवेगळ्या तीन ठिकाणी जाऊ. उजवीकडे मी बसेन, चकत्या माझ्याकडे असतील आणि मी दयामाया दाखवणार नाही. रविवारी सकाळी किनाऱ्यावर थर असला तर फ्लाइट प्लॅन भरून मॉन्टेरीला जाऊ. तू उडव, पायलट-इन-कमांड मी. थरात शिरल्यावर मी मुद्दाम तुला फ्रिक्वेन्सी बदलायला सांगेन. रेडिओकडे हात ने, मान नेऊ नकोस.

विमान दोन्ही दिवसांसाठी आजच बुक कर, आणि फॉगल्स क्लबचे नकोत, त्यांच्या काचा घासल्यात, मी माझे आणते. शनिवारच्या प्रत्येक अप्रोचसमोर ठिकाण आणि प्रकार लिहायचाय, आणि सेफ्टी पायलटच्या जागी माझं पूर्ण नाव. नुसतं "आई" चालत नाही.

तुझी,
आई