वाशिष्ठीचे मॉडेल पीडीएफमध्ये मावत नाही : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : पुराची संगणकीय मॉडेल अहवालासोबत ताब्यात घेऊन सर्व खात्यांना वापरता येतील अशी ठेवण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

वाशिष्ठी नदीचा २२ जुलै २०२१ चा पूर ओसरला तेव्हा चिपळुणात घरोघरी भिंतींवर चिखलाची रेघ उरली होती. त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते. कोकणात गणपतीआधी घराला रंग लागतोच, मग पूर येऊन गेलेला का असेना. त्यामुळे आमच्या हाती जेमतेम ऑगस्ट होता. मी आणि दोन पोरे ऑटो लेव्हल नि स्टाफ (उंची मोजायची दुर्बीण नि पट्टी) घेऊन बाजारपेठेत, पेठमापात, गोवळकोटात दारोदार फिरलो. लोक घरातला गाळ उपसत होते आणि आम्ही विचारत होतो, काकू, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलेलं? कोणी चिडले नाही. उलट चहा दिला.

ते आकडे एका कार्यालयात दिले. त्यांच्यावर ताडून पुराचे मॉडेल, म्हणजे किती पाणी आले तर ते कुठवर चढेल याचे संगणकावरचे गणित, तयार झाले, मॉडेलावरून जाडजूड अहवाल झाला. दोन वर्षांनी एका पुलाच्या कामासाठी तेच मॉडेल मागायला गेलो तर हातात पीडीएफ आली. नकाशे रंगीत, छपाई उत्तम. पण छापील नकाशाला ‘पाणी आणखी अर्धा मीटर वाढले तर?’ असे विचारता येत नाही.

बरेच खेटे घातल्यावर एक पेनड्राइव्ह मिळाला. फाइल उघडली तर भूरूपाचा, म्हणजे जमिनीच्या चढउतारांचा, थरच सापडेना. त्याचा पत्ता कुणाच्या तरी लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवरचा, फोल्डरचे नाव ‘फायनल न्यू २’. तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. नदीच्या एका टप्प्यात मॅनिंगचा एन, म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा, ०.०३५ धरलेला, पुढच्याच टप्प्यात ०.०६. का, याची एक ओळही नव्हती. तिथे झाडी होती की आकडे जुळवण्यासाठी खडबडीतपणा वाढवला होता, हे आता देवालाच ठाऊक. भिंतींवरून आम्ही उतरवलेल्या खुणा तर त्यात नव्हत्याच. आणि त्या भिंती केव्हाच रंगवून झाल्या होत्या.

त्या कार्यालयावर आरोप करण्यासाठी हे लिहीत नाही. मी स्वतःही उमेदीच्या वर्षांत असेच पेनड्राइव्ह दिले आहेत. निविदेत ‘अहवालाच्या सहा प्रती’ असे लिहिलेले असते, म्हणून सहा प्रती मिळतात.

वाशिष्ठी ही एका खात्याची नदी नव्हे. सह्याद्रीतला पाऊस, कोयनेच्या वीजगृहांतून कोळकेवाडीमार्गे येणारे पाणी आणि दाभोळच्या खाडीतून चढणारी भरती, या तिघांचा मेळ चिपळुणात बसतो. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने कोयनेला पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिले. ते समुद्राकडे जाते ते याच वाटेने. वीजनिर्मितीचे वेळापत्रक एकाकडे, भरतीचे तक्ते दुसऱ्याकडे, महामार्गाच्या पुलाचे नकाशे तिसऱ्याकडे, शहरातल्या शिवनदीचे नाले नगरपरिषदेकडे. प्रत्येकाने आपापले मॉडेल शून्यापासून करायचे, तर त्याच नदीचे क्रॉस सेक्शन (पात्राचे आडवे छेद) पुन्हा पुन्हा आपल्याच पैशाने घ्यायचे.

बरे, दोन मॉडेल जोडायला गेले तर ती जुळतही नाहीत. आपले आरएल, म्हणजे जमिनीवरच्या उंच्या, सरासरी समुद्रसपाटीवरून, भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमवरून, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीवरून. हा फरक कोकणात सेंटिमीटरचा नाही, मीटरचा आहे. डेटम, म्हणजे उंची मोजायची शून्य पातळी, कोणता, हे मॉडेलासोबत लिहून ठेवलेले नसेल तर घेणारा खाडीचे पाणी बिनदिक्कत एक मजला वर-खाली करून बसतो.

पुरानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढला गेला, म्हणजे नदीचे पोटच बदलले. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांच्या पुराची. या रेषांवर इथल्या माणसाचे घर बांधणे, विकणे, कर्ज मिळणे अवलंबून आहे. चालते मॉडेल हाताशी असेल तर नवे क्रॉस सेक्शन घालून रेषा पुन्हा तपासणे हे काही दिवसांचे काम. नसेल तर नवा सर्व्हे, नवी निविदा आणि मधले दोन पावसाळे.

माझे मागणे छोटे आहे. झालेल्या कामाची मापे लिहायच्या मोजमाप पुस्तिकेला (एमबी) आपल्याकडे जो मान आहे, तोच मॉडेलाला द्या. एमबी ठेकेदार घरी नेत नाही, पाने क्रमांकित असतात, खाडाखोड चालत नाही. तसेच मॉडेलाचे करा. शेवटचे देयक काढण्याआधी कार्यालयाच्या स्वतःच्या संगणकावर, शाखा अभियंत्याने स्वतः ते चालवून दाखवावे. सोबत एक पान असावे: सर्व्हे कधीचा, डेटम कोणता, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, कोणत्या पुरावर ताडले, कशासाठी वापरू नये. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण उघड्या नदीसाठी केलेले मॉडेल कोणीतरी गटारासाठी वापरतोच. पुढे ज्याने बदल केला त्याने नवा क्रमांक द्यावा, जुन्याला हात लावू नये. आणि हे सगळे एका ठिकाणी असावे. नाशिकला आपलीच ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे.

सल्लागार म्हणतील, ही आमची बौद्धिक संपदा. नदीच्या पुराची मॉडेल करायचे हेक-रास हे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि नदीचे लेव्हल घ्यायला पैसे शासनाने मोजलेले असतात. त्यांचे असे उरते काय? गोपनीयतेचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून मी मॉडेल जाहीर करा म्हणत नाही, शेजारच्या खात्याला द्या एवढेच म्हणतो. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या मोटार कंपन्यांनासुद्धा हे जमले आहे. एकाचे मॉडेल दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालावे म्हणून २०१० मध्ये एफएमआय नावाचे मानक आले. त्यात मॉडेल आणि त्याची माहिती एकाच झिप फाइलमध्ये बांधून देतात. आपल्या खात्यांत तर स्पर्धाही नाही.

खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात १९१६ पासून पाण्याचा अभ्यास चालतो. तिथली बंदरांची काँक्रीटची मॉडेल शेडमध्ये जागच्या जागी असतात. ती कोणाला पेनड्राइव्हमध्ये घालून पुण्याबाहेर नेता येत नाहीत, हे एका अर्थी बरेच आहे.

येत्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत एक करा. समोरच्या कोणत्याही अधिकाऱ्याला सांगा, वाशिष्ठीचे मॉडेल इथे, आत्ता उघडून भरतीची पातळी अर्धा मीटर वाढवून दाखवा. घड्याळ लावून बघा किती वेळ लागतो. मी चिपळुणातच असतो. ऑगस्ट २०२१ ची आमची फील्ड बुक अजून कपाटात आहे, बोलावलेत तर घेऊन येईन.

आपला विश्वासू,
वाशिष्ठीकाठचा एक निवृत्त अभियंता