हंगाम तोंडावर येण्याआधी ट्रॅक्टर तपासणीची सोय व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी गॅरेजवर जावे, तर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांची रांग दिसते. त्या रांगेत यंदा माझाही ट्रॅक्टर नऊ दिवस होता. दोष माझाच होता, हे आधी कबूल करतो.

मार्चमध्ये त्याच ट्रॅक्टरवर गहू आणि दादर ज्वारीची मळणी केली. पुढची जाळी फडक्याने पुसली म्हणजे काम झाले, असे मी समजलो. पण भुशाचा खरा थर रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमध्ये बसतो आणि पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारल्याखेरीज तो निघत नाही. मळणीत ते खपून गेले. पुढे पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना काळ्या जमिनीत पलटी नांगर लावला आणि तिसऱ्याच दिवशी पाणी उकळले. काटा लाल खुणेवर गेल्यावरही 'एवढी पट्टी उरकून घेऊ' म्हणून चालकाने आणखी दोन फेऱ्या मारल्या, तेवढ्यात इंजिनच्या हेडचे (वरच्या झाकणाचे) गॅस्केट गेले आणि हेडही वाकले. हेड फेसिंगसाठी, म्हणजे घासून सपाट करायला, धुळ्याला लेथवर पाठवावे लागले, गॅस्केट जळगावहून मागवावे लागले. मिस्त्री मात्र पाझर तलावातला गाळ काढणाऱ्या जेसीबीचा फुटलेला हायड्रॉलिक पाइप बदलण्यात गुंतला होता. '२०१७पासून गाळमुक्त धरण योजनेची कामे उन्हाळ्यातच निघतात, नांगरटही तेव्हाच, आणि माणूस मी एकच,' हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. (त्या जेसीबीचा ऑपरेटर रोज सकाळी बकेटच्या प्रत्येक पिनेला ग्रीस दिल्याशिवाय चावी फिरवत नाही, हे मी तिथे खोळंबलो असताना पाहिले आणि थोडा ओशाळलो.)

आम्ही शेतकरी दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालतो, पण मीटरवरचे तास क्वचितच पाहतो. माझ्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल २५० तासांनी बदलण्यास सांगितले आहे. हंगामात रोज दहा तास धरले, तर ही मुदत पंचवीस दिवसांत भरते. एरवी तेवढ्या तासांना कित्येक महिने लागत असल्याने 'परवाच तर बदलले' या समजुतीत आपण राहतो.

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून यंत्रखरेदीला अनुदान मिळते, ते योग्यच आहे. मात्र घेतलेले यंत्र ऐन कामाच्या दिवसांत चालू राहावे, यासाठी आमच्या भागात कोणी पुढाकार घेतल्याचे दिसत नाही. कृषी विभागाने विक्रेत्यांना सोबत घेऊन गुढीपाडवा ते आखाजी (अक्षय्य तृतीया) या काळात मंडळनिहाय दोन दिवसांची तपासणी शिबिरे ठेवावीत. रब्बीची मळणी तोवर बहुतेक आटोपलेली असते आणि मिस्त्रीही थोडे मोकळे असतात. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणारी मुले अनुभवी मिस्त्रीच्या हाताखाली रेडिएटर, पंख्याचा पट्टा, ऑइल सील आणि रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समधले तेल सहज तपासू शकतील. तपासणीनंतर बदलायच्या सुट्या भागांची यादी मालकाला लिहून द्यावी आणि तिची प्रत स्थानिक दुकानदारालाही मिळावी, म्हणजे तो माल आखाजीपूर्वीच मागवून ठेवील. शिबिरासाठी माफक शुल्क आकारले तरी आमची हरकत नाही. माझे नऊ दिवसांचे भाडे बुडाले, ते त्याहून कितीतरी अधिक होते.

आपला,
एक ट्रॅक्टरमालक शेतकरी,
ता. अमळनेर, जि. जळगाव