‘लिना’ आणि ‘लिन्ना’

महोदय,

ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांवर आपल्या दैनिकात आलेली पत्रे वाचताना एस्टोनियातील कूसालू येथील ल्यूथरपंथी पाद्री एडुआर्ड आरेन्स (१८०३–१८६३) यांची आठवण झाली. एस्टोनियन भाषेचे पहिले छापील व्याकरण हाइन्रिख श्टाल या पाद्र्यानेच १६३७ मध्ये लिहिले. परंतु श्टाल आणि त्यांच्या मागून आलेले बहुतेक व्याकरणकार जर्मनभाषक असल्याने ही भाषा दीर्घकाळ जर्मन-लॅटिनच्या साच्यातून पाहिली गेली आणि लेखनातही जर्मन रीत रुजली.

ती रीत अशी की, पुढचे व्यंजन दुहेरी लिहिले तर आधीचा स्वर ऱ्हस्व वाचायचा आणि एकेरी लिहिले तर दीर्घ. त्यामुळे दुधासाठीचा ‘पीमा’ हा शब्द कागदावर ‘पिमा’ होई, तर जवसासाठीचा ‘लिना’ हा ‘लिन्ना’ असा लिहावा लागे. मात्र एस्टोनियनमध्ये ‘लिन्ना’ हा वेगळा शब्द आहेच आणि त्याचा अर्थ ‘शहराचा’. बोलताना लहान मुलाचाही ज्यांत घोटाळा होत नाही, ते दोन शब्द कागदावर एकच होऊन बसत.

आरेन्स यांनी १८४३ च्या आपल्या व्याकरणात जर्मनचा आधार सोडला आणि एस्टोनियनची सख्खी बहीण असलेल्या फिनिशकडे पाहिले. स्वर दीर्घ असेल तर स्वराचेच अक्षर दोनदा लिहावे आणि व्यंजन खरोखर दुहेरी उच्चारले जात असेल तरच ते दुहेरी लिहावे, हा त्यांचा नियम. एस्टोनियनमध्ये ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ अशा तीन मात्रा आहेत आणि तिसरी या लेखनातही बहुधा दिसत नाही, हे खरे; तरीही मला त्यांचे काम फार मोठे वाटते, कारण त्यांनी सुरुवात नियमाच्या सोयीपासून न करता बोलणाऱ्याच्या उच्चारापासून केली. आपल्याकडील चर्चेत नेमके हेच राहून जाते.

हा बदल सोपा नव्हता. १७३९ चे संपूर्ण बायबल जुन्या लेखनात होते आणि लोकांची नजर त्यालाच सरावलेली होती. १८५७ मध्ये पर्नू येथे निघालेल्या साप्ताहिकाच्या नावातही ‘आठवडा’ या अर्थाच्या शब्दात ‘द’ चे अक्षर जुन्या रीतीने दुहेरीच छापले जाई. एस्टोनियन साहित्यिकांच्या संस्थेने १८७२ मध्ये नवे लेखन स्वीकारले, तेव्हा आरेन्स यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

आपला,
एक वाचक, सांगली