तुमच्याच अ‍ॅम्पच्या लूपमध्ये तुमचाच डिले चालत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि उत्पादन विभाग

विषय: २० वॅट ट्यूब कॉम्बो, डिजिटल डिले आणि पॉवर सप्लाय एकत्र चालत नसल्याबद्दल, तसंच तुमच्या हेल्पलाइनवर मिळालेल्या वागणुकीबद्दल तक्रार

महोदय,

हेल्पलाइनवरचा फोन आत्ताच संपला. मी ठेवला नाही, पलीकडून ठेवला गेला. म्हणून आता लिहून देते.

उत्पादनं तुमचीच आहेत, तरी हे पत्र तुमचा कायदा विभागही वाचेल म्हणून थोडक्यात ओळख करून देते. दोन चॅनेलचा, मागे इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्पच्या नंतर पेडल जोडायचे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक) असलेला ट्यूब कॉम्बो (ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), त्याच मालिकेतला डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) आणि आयसोलेटेड आउटपुटवाला, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा, पॉवर सप्लाय. हे तिन्ही एकत्र घ्या असं मला तुमच्याच संकेतस्थळावरच्या निवड-मार्गदर्शकाने सांगितलं. मी त्यात सगळं नीट भरलं होतं: सिंगल कॉइल गिटार, छोटा स्टेज, डिस्टॉर्शन अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमधूनच (सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्यातूनच) हवं आणि डिले त्याच्या नंतर हवा. निकालाच्या पानावर तिन्ही वस्तूंचा एकत्र फोटो आणि खाली ‘एकमेकांसाठीच घडवलेले’ अशी ओळ. घडवणाऱ्यांची आधी एकमेकांशी ओळख करून दिली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यावर न थांबता पैसे भरण्याआधी मी ईमेल करून विचारलं होतं की हा डिले या अ‍ॅम्पच्या लूपमध्ये चालेल ना. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘हो, नक्कीच.’ ते जोडलं आहे.

आता मुद्दा. क्लीन चॅनेलवर गेन अगदी खाली ठेवला तर डिले कसाबसा चालतो. क्रंच, म्हणजे डिस्टॉर्शनच्या चॅनेलवर गेन मध्यावर नेला की डिलेच्या इनपुटचा लाल दिवा विझतच नाही आणि प्रत्येक प्रतिध्वनी फाटून बाहेर येतो. यात बिघाड कशातच नाही. तोच डिले गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावला की स्वच्छ वाजतो. त्याच लूपमध्ये मित्राचं स्टुडिओतलं रॅक युनिट लावलं तर तेही स्वच्छ वाजतं. म्हणजे दोन्ही वस्तू धडधाकट आहेत, फक्त त्यांची पातळी जुळत नाही. तुमच्या डिलेच्या पुस्तिकेत नाममात्र इनपुट पातळी उणे २० डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) छापली आहे, म्हणजे साधारण ७७ मिलीव्होल्ट. अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत लूपची पातळी छापलेलीच नाही. ती मी मोजून घेतली. सेंड जॅकवर अधिक ४ डीबीयूच्या आसपास येते, म्हणजे सव्वा व्होल्ट. फरक २४ डेसिबलचा, जवळजवळ सोळापट. सेंडला नॉब नाही, मागे स्विच नाही. रोलँडच्या जेसी-१२० च्या पाठीमागे लूपची पातळी अधिक ४ वरून उणे २० वर आणायला एक साधा स्विच आहे. फेंडरच्या मूळ डीलक्स रिव्हर्बला लूपच नाही, आणि तो आहे असं कोणी सांगतही नाही. तुम्ही मात्र लूप दिला, त्याची जाहिरात केली, आणि स्वतःचंच पेडल त्यात बसत नाही ही गोष्ट ग्राहकाने शोधून काढायची ठेवली.

यावर तुमच्या लोकांनी सुचवलेला पहिला उपाय: ‘गेन कमी करा.’ गेन कमी केला की सेंडची पातळी खाली येते हे मलाही माहीत आहे. पण मग क्रंच राहत नाही, आणि अ‍ॅम्प घेतला होता तो क्रंचसाठी. दुसरा उपाय: ‘डिले पुढे लावा.’ पुढे लावला की प्रतिध्वनी प्रीअ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शनमधून जातात आणि सगळ्या कॉर्डचा चिखल होतो. लूप असतो तो नेमका हे टाळण्यासाठी. तुमच्या मार्गदर्शकाला हे ठाऊक होतं, म्हणून तर त्याने लूपवाला अ‍ॅम्प सुचवला. हेल्पलाइनला ठाऊक नाही.

आता आजचा फोन. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्ही सुरुवातीलाच सांगता आणि मला खात्री करून घ्यायची आहे की तो कोणीतरी ऐकेल.

फोन उचलणाऱ्या गृहस्थांना मी वरचं सगळं सांगितलं. सेंड, रिटर्न, डेसिबल, लाल दिवा, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मॅडम, घरात गिटार कोण वाजवतं?”

मी म्हणाले, “मीच.”

“नाही, म्हणजे हा सेटअप कोणाचा आहे? जे वापरतात त्यांना फोन देता का?”

मी म्हणाले, “फोन त्यांच्याच हातात आहे.”

थोडा वेळ काहीच नाही. मग, “ठीक आहे मॅडम. गिटारची बॅटरी चार्ज आहे ना?”

महोदय, गिटार पॅसिव्ह आहे. तिच्यात बॅटरी नाही. लाकूड, तारा आणि तांब्याच्या वेटोळ्यांत बसवलेली चुंबकं आहेत. हे मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “मग कदाचित त्यामुळेच.” कशामुळे? बॅटरी नसल्यामुळे? मी विचारलं, उत्तर आलं नाही. उलट मला सांगण्यात आलं की नवीन शिकणाऱ्यांना बऱ्याचदा डिस्टॉर्शन आणि बिघाड यातला फरक कळत नाही, पहिले काही महिने असं होतं, कान तयार व्हावा लागतो. माझा कान तुमच्याच कंपनीच्या ओव्हरड्राइव्ह पेडलवर तयार झाला आहे. ते पेडल तुम्ही बंद करून आता बराच काळ लोटला. बहुधा या गृहस्थांच्या कंपनीत येण्याआधीच.

पुढचं वाक्य कायदा विभागालाही दाखवा. ते म्हणाले, “आवाज स्पीकरमधून फाटतोय का ते आधी बघू. स्पीकरची वायर काढा, अ‍ॅम्प चालू करा आणि वाजवून बघा, आवाज येतो का.” स्पीकर काढल्यावर कुठून आवाज यायचा होता हा प्रश्न बाजूला ठेवू. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं, इन्सुलेशन फुटू शकतं, ट्यूबही जाऊ शकतात. तुमच्या पुस्तिकेत हे ठळक अक्षरांत, त्रिकोणातल्या उद्गारचिन्हासह छापलेलं आहे. त्याच पुस्तिकेत पुढे असंही आहे की अशा वापराने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. म्हणजे तुमच्या माणसाचं ऐकलं असतं तर अ‍ॅम्प जळाला असता आणि दोष माझा ठरला असता. मी हे त्यांना वाचून दाखवलं, पान क्रमांकासकट. मला होल्डवर ठेवण्यात आलं. होल्डचं संगीतही फाटत होतं, पण ते कदाचित तुमच्याच लूपमधून येत असावं. मग फोन कट.

काही मिनिटांनी मेसेज आला: ‘तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. स्थिती: ग्राहक समाधानी.’

पॉवर सप्लायचंही सांगते, कारण तो याच त्रिकुटातला आहे. डिलेला ९ व्होल्टवर ३०० मिलीअँपिअर लागतात, त्याच्या पाठीवर लिहिलंय. तुमच्या सप्लायचा ९ व्होल्टचा प्रत्येक आउटपुट १०० देतो. मार्गदर्शकाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर तिसरीतल्या मुलालाही जमेल अशी वजाबाकी होती. डिले सुरू होतो, लुकलुकतो, पुन्हा सुरू होतो. (प्लगचं सेंटर निगेटिव्ह, म्हणजे आत ऋण आणि बाहेर धन, एवढं तरी दोघांत जुळलं, त्याबद्दल आभार.) विचारल्यावर सल्ला मिळाला की १२ व्होल्टच्या आउटपुटला लावा, तो ३०० देतो. तो देतो, बरोबर आहे. पण पेडल ९ व्होल्टचं आहे. करंट जास्त उपलब्ध असला तर बिघडत नाही, पेडल लागेल तेवढाच ओढतं. व्होल्टेजचं तसं नसतं. पेडल बनवणाऱ्या कंपनीला हे मी पत्रातून कळवावं लागतंय. दुसऱ्या एका फोनवर सांगितलं गेलं की आयसोलेटेड सप्लाय बाजूला ठेवा, मोठा अडॅप्टर घ्या आणि सगळी पेडल्स एकाच साखळी वायरवर चढवा. तेही करून पाहिलं. डिलेच्या डिजिटल क्लॉकची शिट्टी सामाईक ग्राउंडमधून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे मस्त मोठी होते. ती होऊ नये म्हणूनच आयसोलेटेड सप्लाय घेतला होता. तुमच्याकडूनच.

विक्री विभागाने तर तोडगा म्हणून वरचे पैसे भरून ४० वॅटचा मोठा भाऊ घ्या असं सुचवलं, ‘आवाज दुप्पट होईल.’ वॅट दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आणि मी आवाज कमी असल्याची तक्रार केव्हा केली? ४० वॅटवाल्याचा लूपही असाच आहे, बिनस्विचचा. तो फोटोत दिसतो.

तुमचं ते जुनं ओव्हरड्राइव्ह आजही माझ्या बोर्डवर आहे. रंग उडालाय, स्विच दगडासारखा आहे, कधी दगा दिला नाही. त्याच्या भरवशावर मी अनेकांना तुमचं नाव सांगितलं आणि त्यांनी घेतलंही. आता कोणी विचारलं तर मी हा अनुभव सांगणार, डेसिबलसकट. तुम्ही वस्तू बनवायचं विसरला नाहीत हे मला मान्य आहे. अ‍ॅम्प एकटा छान वाजतो, डिले एकटा छान वाजतो. त्या एकमेकांना लावून बघायचं काम मात्र तुमच्याकडे कोणाकडेच नाही असं दिसतं.

मला काय हवं ते स्पष्ट लिहिते. डिले आणि पॉवर सप्लाय परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या, वाहतुकीसकट. अ‍ॅम्पच्या लूपमध्ये पातळी कमी करण्याचा स्विच किंवा नॉब तुमच्या सर्व्हिस सेंटरमधून, वॉरंटी कायम ठेवून, बसवून द्या. ते जमत नसेल तर अ‍ॅम्पही परत घ्या. लूपची पातळी संकेतस्थळावर आणि पुस्तिकेत छापा. स्पीकर काढून ट्यूब अ‍ॅम्प चालवायचा सल्ला देणारा माणूस आज संध्याकाळी आणखी कोणाला तो सल्ला देणार नाही याची व्यवस्था करा, हे सगळ्यात तातडीचं आहे. आणि ‘फोन कोणाला द्यायचा’ या प्रश्नाबद्दल मला लेखी माफी हवी आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हे पत्र, तुमचा ‘हो, नक्कीच’वाला ईमेल आणि दोन्ही पुस्तिकांची संबंधित पानं घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाणार. उत्तर फोनवर देऊ नका.

आपली,
तिन्ही उत्पादनांची ग्राहक (आणि वाजवणारीही)

सोबत: बिलं, ईमेल, पुस्तिकांच्या पानांच्या प्रती, सेंड जॅकवरच्या मोजणीचा फोटो

ता. क. तिकीट पुन्हा उघडा. मी समाधानी नाही.